जनाना मजल्यावरचा स्टोव्ह

आई, तिमंजिल्याच्या सेठजींचा नातू नवरात्रात घरी आला होता. हो, तेच फ्रीगंजमधलं दुकान, टॉवरच्या समोरचं. पाटीवर लांबलचक नाव असूनही अख्खं उज्जैन त्याला नुसतं तिमंजिला म्हणायचं, कारण तीन मजल्यांचं दुसरं दुकान तेव्हा गावात नव्हतं. नातवाच्या हातात काजूकतलीचा डबा होता. तो बघूनच मला कळलं की ह्याला काहीतरी फुकट लिहून हवंय. दुकानाची स्मरणिका निघते आहे म्हणे, आणि तिच्यात जुन्या दिवाळ्यांवर एक लेख हवा. "मॅडम, आपकी कलम बहोत तीखी है, मगर इस बार ज़रा मीठा लिखिएगा. त्योहार का मौका है." मी विचारलं, मीठा म्हणजे नेमकं काय? "वही, पाडवे वाली शाम. जब शहर के सारे साहब लोग ऊपर आते थे, और अपनी-अपनी घरवाली के मन की चीज़ ले जाते थे. क्या ज़माना था! और आपकी माताजी का भी ज़िक्र कर दीजिए. दादाजी बताते थे, बड़ी ममतामयी थीं." ममतामयी! तू! मला असं हसू फुटलं की चहा नाकात गेला. ज्या बाईला नोकरीवरून काढलं तिला तिसऱ्या पिढीनं द्यायचा हा किताब असतो, हे मला त्या ठसक्यातच समजलं. लेख लिहिणार नाही, असं त्याला तोंडावर सांगितलं. काजूकतली ठेवून घेतली.

पण तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. म्हणून आज पाडव्याच्या सकाळी बसले आहे. तुला हे सगळं माहीत आहे, तरी सांगते, कारण गावात आता दुसरीच गोष्ट चालते आणि ती इतकी गोड झाली आहे की तिला मुंग्या लागायच्या बाकी आहेत.

तिमंजिल्याच्या मधल्या मजल्याला जनाना मजला म्हणत. खाली कापडाची ठाणं, छत्र्या, टोप्या, हे मरदांचं राज्य. वर गोदाम. मध्ये एकीकडे लुगडी-साड्या, दुसरीकडे भांडीकुंडी, कंदील, स्टोव्ह, आणि ह्या सगळ्यावर राज्य करणारी तू. जिन्याच्या तोंडाशी 'केवल महिलाएँ' अशी पाटी होती आणि तिच्या खाली स्टूल टाकून बसलेला चौकीदारसुद्धा वर बघत नसे. सेठजींना त्या मजल्यावर बाई हवी होती आणि पगार पुरुषाच्या निम्मा द्यायचा होता. तू विधवा, पदरात मी, दोन खोल्यांचं भाडं डोक्यावर. दोघांची गरज जुळली. त्याला पुढे सेठजी 'हमने सहारा दिया' म्हणायचे.

तू फिक्या सुती पातळात, मोकळ्या कपाळानं उभी राहायचीस आणि हिरवीगार, डाळिंबी, जांभळी लुगडी उलगडून दाखवायचीस. सुरुवातीला काही जणी कुजबुजल्या की सवाष्णीचं लुगडं विधवेच्या हातून कसं घ्यायचं. एकीनं तर तुला ऐकू जाईल असं म्हटलं. तू लुगड्याची घडी न थांबवता म्हणालीस, "हात हाच आहे, वहिनी. चालत नसेल तर खालून हातमोजे मागवते." बाई लाल झाली, आणि लुगडं घेऊन गेली. माझी जीभ कुठून आली, असं मला लोक विचारतात. मी त्यांना सांगते, फ्रीगंजातून.

वर्षभर बायका यायच्या. विकत घ्यायला कमी, बघायला जास्त. एखादीनं माहेश्वरीच्या काठावरून बोट फिरवलं, भाव विचारला, "छान आहे हो" म्हणून परत ठेवली. पुढच्या महिन्यात आली की बोट पुन्हा त्याच काठावर. तू काही बोलायची नाहीस. कुठे टिपूनही ठेवायची नाहीस. नुसतं तुझ्या लक्षात असायचं की कोणाचं बोट कशावर थांबलं. आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, खालच्या गल्ल्यापाशी पूजा आटोपून प्रसाद वाटला की सेठजी स्वतःच्या हातानं ती 'केवल महिलाएँ'ची पाटी भिंतीकडे तोंड करून फिरवायचे. वर्षातून तेवढ्या एका संध्याकाळी पुरुषांना वर यायची मुभा. दुसऱ्या दिवशी पाडवा, सकाळी बायको ओवाळणार, ताटात काहीतरी टाकायला हवं. वकील, मास्तर, कचेरीतले साहेब, देवळाकडचे पंडे, सगळे जिन्याशी जोडे काढून, बायकांच्या वस्तूंकडे न बघितल्यासारखं करत, तुझ्या काउंटरशी रांगेत. आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच, तोही खालच्या आवाजात: "बाई, आमच्या हिनं काय बघून ठेवलंय?"

तू मागे वळायचीस आणि कापडात गुंडाळलेलं एक एक गाठोडं काढून द्यायचीस. कधी चूक नाही. हिंदी घरांत पाडव्याला ओवाळायची पद्धत नव्हती, पण आपल्या लोकांच्या बायकांच्या अंगावर दिवाळीनंतर काय दिसतं ते बघून त्यांनीही ओवाळायला सुरुवात केली. मारवाडी सेठजींनी मराठी सण असा माळव्यात रुजवला. आता त्या बायकांची मुलं पेन्शनीत निघाली आहेत आणि मला लग्नाकार्यात गाठून डोळे पुसत सांगतात, "आमच्या वडिलांना आईच्या मनातलं न सांगता कळायचं हो! ती पिढीच वेगळी." मी मान हलवते. त्यांना कुठे सांगू, की त्या पिढीच्या अर्ध्या सुखी संसारांची जबाबदारी फिक्या पातळातल्या एका बाईवर होती, जिच्या स्वतःच्या ताटात कोणी काही टाकणार नव्हतं.

मी तेव्हा मॅट्रिकला होते. शाळा सुटली की घरी एकटी नको म्हणून तू मला त्या मजल्यावर भांड्यांच्या बाजूला बसवायचीस, अभ्यास कर म्हणून. अभ्यास कसला, मी माणसं बघायचे. एकदा घरी आल्यावर मी विचारलं की ती डाळिंबी साडी कोणासाठी बाजूला काढलीस. तू चूल फुंकत होतीस. फुंकणी खाली ठेवून म्हणालीस, "बाहेरून आल्यावर चपला कुठे काढतेस?" "दारात." "लोकांच्या मनातलंही तिथेच काढायचं. घरात आणायचं नाही." एवढंच. पण तो शब्द असा बसला की आजही कोणाचं खाजगी लिहायला घेतलं की मला आधी दारातल्या चपला दिसतात. माझ्या संपादकांना हे ठाऊक नाही. त्यांना वाटतं मी आळशी आहे.

तर, छप्पन सालची, त्या शेवटच्या वर्षाची गोष्ट. नवं राज्य आणि दिवाळी एकाच आठवड्यात आली. मध्य भारत विझला, मध्य प्रदेश पेटला, आणि राजधानी भोपाळला गेली. आधी महाराजांचं राज्य गेलं तेव्हा सेठजींनी काचेच्या मोठ्या खिडकीतून तसबीर काढून नेत्यांची लावली होती. ह्या वेळी त्यांनी खिडकीत दिव्यांच्या माळांचा नव्या राज्याचा नकाशा करवला. वीजवाल्याला सीमा माहीत नव्हत्या. सेठजींनाही नव्हत्या. खरं म्हणजे कोणालाच नव्हत्या. शेवटी तो नकाशा उडदाच्या फुटक्या पापडासारखा दिसायला लागला, आणि त्यात उज्जैनच्या जागी लावलेला दिवा सारखा विझायचा. गर्दी जमून बघायची. कोणीतरी म्हणायचं, "देखो, अपना वाला फिर गया," आणि सगळे हसायचे. पण त्या हसण्यात धाकधूक होती. ज्या मराठी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या दरबारच्या कचेऱ्या सांभाळल्या, त्यांच्या ट्रंका भरायला लागल्या होत्या.

त्यात एक साहेब होते. बढती घेऊन भोपाळला निघाले होते. त्यांची बायको आमच्या मुलींच्या शाळेत शिकवायची. आम्ही तिला बाई म्हणायचो, त्यामुळे मीही इथे बाईच म्हणते. साहेबांनी हेडबाईंना परस्पर निरोप पाठवला होता की दिवाळीनंतर ही येणार नाही, राजीनामा समजा. बाईंना ते आम्हा मुलींनंतर कळलं. वर्गात त्या फळा गरजेपेक्षा जास्त वेळ पुसत राहिल्या.

आणि आई, मी त्यांना वर्षभर बघत होते. त्या जनाना मजल्यावर यायच्या आणि साड्यांच्या बाजूला जायच्याच नाहीत. माझ्या जवळ, भांड्यांकडे यायच्या. तिथे एक पितळी स्टोव्ह होता, लहानसा, एका वातीचा. त्या तो उचलायच्या, वजन बघायच्या, पुन्हा ठेवायच्या. पुढच्या महिन्यात पुन्हा तोच. एकदा त्यांनी तुला विचारलं, "ह्याच्यावर भागेल का हो?" तू त्यांच्याकडे बघितलंस. मग म्हणालीस, "एकीचं भागेल. दोघांचं नाही." त्या म्हणाल्या, "बरं." आणि स्टोव्ह खाली ठेवला, पण हात त्याच्यावरच होता. शाळेच्या मागे एक खोली रिकामी आहे, हे मला माहीत होतं. तुला माहीत होतं की नाही, मी विचारलं नाही. चपला दारात होत्या.

मग ती संध्याकाळ. अजून माझ्यासमोर उभी आहे. खाली धूप, झेंडू, पेढ्याचा वास. सेठजी पाटी भिंतीकडे फिरवतात. जिन्यावर जोड्यांचा ढीग. तू गाठोडी देते आहेस, माणसं खूश होऊन उतरताहेत. आणि साहेब येतात. रांग आपोआप बाजूला होते. सेठजी मागोमाग धावत वर येतात, कारण साहेबांच्या कचेरीचे पडदे, सतरंज्या, सगळं आपल्याच दुकानातून जातं, आणि येताना बनारसी शालू स्वतःच घेऊन येतात. साहेब हसून म्हणतात, "थांबा सेठजी. ह्या बाईंचा अंदाज कधी चुकत नाही. काय बाई, आमच्या हिनं काय बघून ठेवलंय? भोपाळात नेसल्यावर लोकांनी बघत राहिलं पाहिजे."

तू मागे वळली नाहीस. "साहेब, ह्या वेळी तुम्ही तुमच्या पसंतीचं न्या."

"का? तिनं काही बघितलं नाही?"

नाही म्हण, मी मनात म्हणते आहे. दोन अक्षरं. नाही म्हण, तो शालू बांधून दे, आणि संपव.

"बघितलं आहे," तू म्हणालीस.

"मग दाखवा."

"दाखवणार नाही."

मागून एक वकील म्हणाले, "साहेब, फार महागाचं दिसतंय!" रांगेत हशा पिकला. साहेबही हसले. "अहो बाई, पैसे मी देणार आहे ना!"

"म्हणूनच."

हसू थांबलं. सेठजींना मराठी पुरतं कळायचं नाही, पण धंदा बिघडल्याचा आवाज त्यांना कुठल्याही भाषेत ऐकू यायचा. "बाई, कई करी रिया हो? साब पूछी रिया है, बतई दो नी!" तू त्यांच्याकडे वळून हिंदीत, एकेक शब्द नीट ठेवत म्हणालीस, "सेठजी, उन्होंने मुझे दिखाया था. इनको दिखाना होता तो घर में दिखातीं."

"म्हणजे दुकानातल्या बाईनं आमच्या घरातली गोष्ट आमच्यापासून लपवायची?" साहेबांचा आवाज आता कचेरीतला झाला होता.

"लपवायची असती तर नाही म्हटलं असतं, साहेब. त्या घरी आहेत. जाऊन विचारा."

खरं सांगते, त्या मजल्यावर इतकी वर्षं इतके नवरे आले, पण 'घरी जाऊन विचारा' हा उपाय कोणालाच सुचला नव्हता. आणि तो सुचू नये म्हणूनच तर तू होतीस. तुझ्याही हे त्याच क्षणी लक्षात आलं असावं, कारण तू एकदा त्या उरलेल्या गाठोड्यांकडे बघितलंस, आणि तुझ्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेला कंटाळा होता. साहेब शालू न घेता जिना उतरले. घाईत कोणाचे तरी दुसरेच जोडे घालून गेले, असं नंतर कळलं. एवढं एक सुख.

रांग संपेपर्यंत तू उभी राहिलीस. सगळी गाठोडी दिलीस. मग सेठजी म्हणाले की दिवाळीनंतर येऊ नका. तू म्हणालीस, "ठीक आहे. माझी दिवाळी द्या." दरवर्षी ह्या संध्याकाळी तुला दुकानातली एक वस्तू मिळायची, तुझ्या पसंतीची, आणि तू दरवर्षी एक फिकं पातळ घ्यायचीस. सेठजी सवयीनं त्या कपाटाकडे वळले. तू भांड्यांच्या बाजूला आलीस, माझ्या डोक्यावरून हात लांबवलास आणि तो पितळी स्टोव्ह उचललास. कापडात गुंडाळला नाहीस, पिशवीत घातला नाहीस. तसाच हातात धरून जिना उतरलीस, खालच्या सगळ्या मरदांमधून, गल्ल्यावरच्या लक्ष्मीसमोरून, त्या फुटक्या पापडाच्या नकाशासमोरून. मी मागे, दप्तर छातीशी धरून. रस्त्यात मी चिडून विचारलं, "नाही म्हणायला काय झालं होतं?" तू म्हणालीस, "त्या मजल्यावर मी कधी खोटं बोलले नाही. ह्याच्यासाठी सुरुवात करू?"

पाडव्याच्या सकाळी आपण शाळेच्या मागच्या त्या रिकाम्या खोलीकडे गेलो. बाई तिथे होत्या. एक ट्रंक, एक वळकटी, आणि डोळे सुजलेले. तू स्टोव्ह त्यांच्या पुढ्यात ठेवलास. त्या म्हणाल्या, "हा तर..." तू म्हणालीस, "पाडवा आहे. ताटात काहीतरी पडायला हवं." विधवेनं नवरा सोडलेल्या बाईला दिलेली पाडव्याची ओवाळणी, असा प्रकार कुठल्या शास्त्रात बसतो, हे विचारायला मी आजवर एकाही पंड्याकडे गेले नाही. पुष्कळ वर्षांनी बाईंनीच मला सांगितलं की त्या संध्याकाळी साहेब तणतणत घरी आले आणि दारातूनच ओरडले, "काय हवंय तुला?" बाई म्हणाल्या, "अगं, विचारलं रागानंच. पण लग्नानंतर पहिल्यांदा विचारलं. मग मीही सांगून टाकलं." बाईंनी शाळा सोडली नाही, आणि त्यांच्या खोलीत बसून लिहिलेल्या माझ्या मॅट्रिकच्या सगळ्या निबंधांना त्याच स्टोव्हवरच्या चहाचे डाग होते. मी आज जे दोन शब्द लिहिते ते त्या खोलीतून निघालेत. त्यामुळे स्मरणिकेत तुझ्याबद्दल 'ममतामयी' छापून आलं तर मी कोर्टात जाईन.

पुढच्या पाडव्याला तिमंजिल्यावर काउंटरशी सेठजींचे मेहुणे उभे होते. त्यांनी सगळ्यांना शालू दिला. गावभर बायकांनी चेहरे पाडून ओवाळलं आणि नंतरचा आठवडा साड्या बदलून घ्यायची रांग लागली होती. सेठजी मिठाई घेऊन आपल्या दोन खोल्यांत आले. तू चहा दिलास, साखर बेताची, आणि 'नाही' म्हणालीस. तोवर तू भैरवगढहून छापाची लुगडी आणि चादरी आणून घरीच विकायला लागली होतीस. बायका तिथे यायला लागल्या, बोटं फिरवायला लागल्या. पाडव्याच्या आदल्या दिवशी नवरे आले की तू दारातूनच सांगायचीस, "घरी विचारून या." निम्मे परत यायचेच नाहीत. धंदा बेताचाच झाला. आपलं भागलं.

तर हे असं आहे. लेख देणार नाही. द्यायचाच झाला तर हाच द्यावा लागेल आणि हा कोणी छापणार नाही. पत्र म्हणावं तर तुझा पत्ता नाही. बाईही गेल्या, त्यांच्या वस्तूंत तो स्टोव्ह मला मिळाला, तो स्वैपाकघरात आहे. हे कागद घडी करून त्याच्याखाली ठेवेन. स्टोव्हचा तिसरा पाय आखूड आहे, तेवढाच उपयोग.

एक मात्र कोणाला सांगितलेलं नाही. जुन्या दिवाळ्यांच्या नावानं गळे काढणाऱ्यांची मी लेखांत इतकी सालटी काढते, पण दर लक्ष्मीपूजनाला मी स्वतः तिमंजिल्यावर जाते. मधल्या मजल्यावर आता पाटी नाही, मिक्सर आणि कुकर आहेत. तिथे एक स्टीलची किटली असते, लहान, एकीपुरती; घरी मीही एकटीच. उचलते, झाकण बघते, परत ठेवते. पैसे नाहीत असं नाही. काल संध्याकाळीही गेले होते. काउंटरवर एक पोरगी असते, जेमतेम विशीची, तोंडात च्युइंगम. मी किटली ठेवली तशी ती वर न बघता म्हणाली, "आंटी, ये तो आप पिछले साल भी देख रही थीं."

आई, मी, जिला अख्खं शहर वचकून असतं, मी कसंबसं विचारलं, "किसी को बताओगी तो नहीं?"

ती हसली. "पूछेगा कौन, आंटी?"

तुझीच जात. पण किटली मी घेतली नाही. तिथेच ठेवून आले. पुढच्या वर्षीही तिच्या लक्षात राहतं का, ते मला बघायचं आहे.